बघणारा नसला तर?

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडे निघालं की थोड्याच वेळात मराठवाडा संपतो, विदर्भ लागतो. जमिनीला याचा पत्ताही नसतो. ही हद्द माणसांनी मानली म्हणून आहे. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री हजाराच्या नोटेचंही तेच झालं. कागद तोच, शाई तीच, चलन मात्र राहिलं नाही. एवढ्यावरून काही जण सांगू लागतात की सगळं जगच आपल्या मानण्यावर उभं आहे. तसं नाही. हद्द मानण्यावर असते, माती नसते.

मग रंगाचा दाखला येतो. हळदीचा पिवळेपणा डोळ्याशिवाय नाही, हे कबूल. पण हळदीतलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं, ते कुणी बघो न बघो. त्याच हळदीत चुना कालवला की ती लाल होते. रंगांधळ्यानं कालवला तरी रासायनिक क्रिया तीच.

‘आपल्या वेदान्तातही जग म्हणजे मनाचा खेळ’, असं फार सहज बोललं जातं. गंमत म्हणजे बाहेरच्या वस्तू केवळ मनात असतात, असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात खोडून काढलं आहे. मायावाद म्हणजे ‘समोरचा खांब नाहीच’ असा दावा नव्हे.

सगळ्यात हट्टी गैरसमज क्वांटमचा: बघितल्याशिवाय कण अस्तित्वातच नसतो म्हणे! तिथं ‘निरीक्षण’ म्हणजे कुणाची नजर नव्हे, तर कणाचा यंत्राशी किंवा भोवतालाशी आलेला संबंध. व्हिएन्नातल्या प्रयोगात (२००३) वाटेत वायूचे रेणू आदळले तेवढ्यानंच मोठ्या कार्बन-रेणूंची लहरींसारखी नक्षी पुसट होत गेली. वायूला कुठलं मन? मात्र कणाचे सगळे गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतात, हेही सरळ धरता येत नाही. २०२२चं भौतिकीचं नोबेल याच प्रश्नावरच्या प्रयोगांना मिळालं, आणि त्यांचा अर्थ काय लावायचा यावर वाद अजून चालू आहे.

पण माणूस नसताना काही घडतं का, याचं उत्तर मिळालेलं आहे. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली. तिथून निघालेली गुरुत्वीय लहर १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या ‘लायगो’ यंत्रात उमटली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक. एकाच यंत्राला असं काही जाणवलं असतं, तर जवळून गेलेल्या ट्रकचा धक्का म्हणून सोडून देता आलं असतं. ३,००० किलोमीटर दूरच्या दोन यंत्रांना एकच ट्रक कसा हलवेल?

म्हणून साक्षीदार जितके दूर दूर, तितके बरे. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ उभारायची आहे. केंद्रानं एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. ही वेधशाळा सुरू झाली की लहर आली का, एवढंच नाही, तर आकाशाच्या कुठल्या भागातून आली, हेही अधिक नेमकं सांगता येईल.