दिवाणी दाव्यातील इलेक्ट्रॉनिक पुरावा : प्रमाणपत्र आणि गोपनीयतेचा प्रश्न

बीड जिल्ह्यातील न्यायालये ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्याच खंडपीठापुढील एका निवडणूक याचिकेतून इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा नियम देशभरासाठी निश्चित झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयात आल्या. परंतु भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५-ब नुसार आवश्यक असलेले प्रमाणपत्र मागणी करूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानून २०१७ मध्ये ही निवडणूक रद्दबातल ठरविली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले, तथापि तोंडी साक्षीने प्रमाणपत्राची उणीव भरून निघते हे मत मान्य केले नाही. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत सिद्ध केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रतीसाठी मात्र ते अनिवार्य आहे. उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो नकार देत असेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे आदेश मागावा. शक्य ते सर्व करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तरच सूट मिळते. जालन्यातील याचिकाकर्त्यांना ती मिळाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट अधिक कडक केली आहे. प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. सीसीटीव्हीचे जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून असा अर्ज आरंभीच करणे शहाणपणाचे.

प्रतिपक्षाकडील अभिलेख मिळविण्याचा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये आहे. तेथे हमखास उपस्थित होणारा आक्षेप म्हणजे वकील व पक्षकार यांच्यातील गोपनीयता. कागदपत्रांच्या पेटीत वकिलाचे पत्र वेगळे काढता येई; मोबाइलमध्ये मात्र व्यवहाराचे, घरचे आणि वकिलाचे संदेश एकत्रच असतात. नियम १९ अन्वये असा दावा खरा आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी न्यायाधीश स्वतः दस्तऐवज पाहू शकतात. या तरतुदीचा पुरेसा वापर व्हावयास हवा, कारण व्यवहाराच्या ई-मेलची प्रत वकिलाला पाठविली एवढ्याने तो ई-मेल गोपनीय होत नाही.

३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाचे डिजिटल उपकरण न्यायालयापुढेच आणावे, ते पक्षकार व वकील यांच्या उपस्थितीत उघडावे आणि इतर अशिलांची माहिती सुरक्षित राखावी, असे सांगितले. हा निर्णय फौजदारी तपासासंबंधीचा असला तरी दिवाणी न्यायालयांना त्यातील पद्धत अनुकरणीय वाटावी. त्याच निर्णयानुसार संस्थेच्या पगारी विधी अधिकाऱ्याला कलम १३२ चे, म्हणजे वकिलाला मिळणारे, संरक्षण नाही. सेवाविषयक वादात महाविद्यालयाने आपल्या विधी अधिकाऱ्याशी केलेला ई-मेल व्यवहार या संरक्षणाच्या आधारे रोखून धरता येणार नाही.