आपल्या पन्हळीचं पाणी

गेल्या पावसाळ्यात तासभर जोराची सर कोसळली आणि गल्लीच्या उताराला राहणाऱ्या काकूंच्या घरात पाणी शिरलं. ज्वारीची पोती भिजली. आम्ही साऱ्याजणी गटाराच्या नावानं बोटं मोडत मदतीला धावलो. परतताना मात्र आमच्याच पन्हळीची धार रस्त्यावर पडताना दिसली. अंगणात हौसेनं फरशी घातलेली, पाणी मुरणार कुठे? ते थेट काकूंच्या उंबऱ्याशी!

मैत्रिणींनो, हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरवर २० मिलिमीटर पडला, की झालं हजार लिटर!

मी पन्हळीखाली २०० लिटरचं पिंप ठेवलं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यात छपरावरची घाण येते. नंतरचं धुण्याला, झाडांना. तोंडाला कापड घट्ट बांधायचं आणि आठवड्याला पिंप घासून कोरडं करायचं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.

पण पिंप एका सरीतच भरतं. म्हणून चार फरश्या काढून मीटरभर खोल शोषखड्डा केला. तळाला दगड, वर विटांचे तुकडे, मग वाळू. घराचा पाया आणि संडासाची टाकी यांपासून मात्र लांब हं!

'हे' म्हणाले, "एका घरानं काय होणार?" खरंय. म्हणूनच भिशीत विषय काढला. तिघी तयार झाल्यात. चौथ्या तुम्ही व्हाल?