देवबागचा साबण खोबरेलाचा

एका बाजूला अरबी समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडच माड. अशा देवबागात घरी साबण करायला ऑलिव्ह तेल कशाला विकत आणायचे? तर त्याचा साबण सौम्य असतो, म्हणून. फेस मात्र बेताचा. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, पूर्वी खलाशी तोच वापरत. पण अंग कोरडे करतो.

उपाय मापात आहे. ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला साधारण ६४ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. तेवढेच खोबरेल ९० ग्रॅमच्या आसपास सोडा पचवते, तरी त्यात ७३ ग्रॅमच घालावा. शिल्लक राहिलेले तेल कोरडेपणा कमी करते. वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही, डिजिटल काटा हवाच.

हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून सोडा पाण्यात हळूहळू सोडावा. सोड्यावर पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले तर नकोच, सोडा ते खातो. पुढे तेलात घालून घोटत राहायचे. पिठल्यासारखे दाटले की साच्यात.

वड्या चार ते सहा आठवडे सुकवायच्या. पावसाळ्यात साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि वड्या पाझरतात, त्यामुळे किनाऱ्यावर हा खटाटोप दिवाळीनंतरच केलेला बरा.