भाव आणि मत

निवडणुकीचा निकाल आधी कळावा, ही उत्सुकता जुनीच. अमेरिकेत १९८८ साली आयोवा विद्यापीठातील प्राध्यापकांनी अभ्यासासाठी तिचा रीतसर बाजार मांडला. २०१४मध्ये 'प्रेडिक्टइट' आला. त्याची रीत सोपी: उमेदवार जिंकला तर करारामागे एक डॉलर, हरला तर शून्य. करार ६० सेंटला विकला जात असेल, तर बाजाराच्या लेखी विजयाची शक्यता साधारण ६० टक्के.

ही मतांची टक्केवारी मात्र नव्हे. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी जॉर्जियाच्या सहाव्या मतदारसंघात २०१७ साली झालेली पोटनिवडणूक पाहा. अटलांटाच्या उपनगरांतील या जागेसाठी १८ एप्रिलला डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ यांना ४८.१ टक्के मते पडली. कुणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने २० जूनला दुसरी फेरी झाली. तीत त्यांना ४८.२ टक्के मिळाली आणि रिपब्लिकन कॅरन हँडेल निवडून आल्या. ऑसॉफ यांच्या मतांचा टक्का जवळपास जागचा हलला नाही. त्यांच्या विजयावरचा करार मात्र कवडीमोल झाला.

शिवाय एकाच मतदारसंघाच्या बाजारात गिऱ्हाईक थोडे. प्रेडिक्टइटवर तेव्हा एका करारात ८५० डॉलरांहून अधिक गुंतवताही येत नसत. अशा ठिकाणी मोजक्या खरेदीनेही भाव चढतो. म्हणून भाव वधारला की आधी विचारावे: मतदारसंघात काही घडले, की बाजारात फक्त एक नवे गिऱ्हाईक आले?