ओल्या काचेची साक्ष

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धाची हजारो छायाचित्रे निघाली, पण त्यांत लढाई जवळजवळ कुठेच नाही. छावण्या आहेत, तोफा, पूल, खंदक आहेत, खुर्च्या टाकून बसलेले सेनापती आहेत आणि लढाई संपल्यावर शेतात पडून राहिलेली माणसे आहेत. चाल करून जाणारी पलटण मात्र शोधून सापडत नाही. १८६३च्या सप्टेंबरात चार्ल्सटनच्या बंदरात जॉर्ज कुक याने तोफा डागणाऱ्या चिलखती युद्धनौका टिपल्या, तसा एखादा अपवाद. त्यात पुढे काही प्रसिद्ध चित्रे मुद्दाम मांडून काढल्याचे उघड झाले आणि ‘हे युद्धाचे नेपथ्य आहे, पुरावा नव्हे’ असे म्हणणे सोपे झाले. हे म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटते. ही छायाचित्रे भक्कम पुरावा आहेत. मात्र तो पुरावा काचेवर आहे, काचेखाली लिहिलेल्या ओळीत नाही. या दोन गोष्टी एकच मानल्या, की आधी भाबडा विश्वास बसतो आणि मग तितकाच भाबडा अविश्वास.

काचेवर काय उमटू शकत होते हे कळण्यासाठी ती तयार कशी होई ते पाहावे लागते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने १८५१ साली जाहीर केलेली ही ओल्या कलोडियनची पद्धत. कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून झालेला गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की कलोडियन हा चिकट द्राव मिळतो. शल्यवैद्य तो जखमेवर लावत असत. छायाचित्रकार त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो स्वच्छ काचेवर ओतायचा, काच चारही कोपऱ्यांकडे कलती करून थर सारखा पसरायचा आणि उरलेला द्राव बाटलीत परत घ्यायचा. मग अंधारात ती काच काही मिनिटे सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, उजेड न शिरणाऱ्या चौकटीत घालून कॅमेऱ्यापर्यंत धावत न्यायची, काही सेकंद झाकण उघडायचे आणि पुन्हा धावत अंधाऱ्या गाडीत येऊन लोहक्षाराच्या पाण्याने चित्र वर काढायचे. पुढे धुणे, हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइडने ते पक्के करणे, वाळवून वॉर्निश देणे. थर सुकायच्या आत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, चित्र घेऊन ते वर काढून झाले नाही तर काच वाया जाई. हे सगळे घोड्याच्या गाडीत, ईथरच्या वाफेत, धूळ आणि माश्या सांभाळत, मिळेल त्या पाण्यावर चालायचे.

या यंत्राच्या मर्यादा ठाऊक असल्या की चित्रांतल्या रिकाम्या जागांचा उलगडा होतो. गाडी कॅमेऱ्याजवळ उभी करावी लागे, म्हणून गोळीबार थांबल्याशिवाय तिथे जाता येत नसे. प्रकाश काही सेकंद द्यावा लागे, म्हणून हलणारा माणूस पुसट होई, तर निश्चल पडलेला देह बटणासकट स्पष्ट येई. कलोडियनला निळा प्रकाश लगेच कळतो, तांबडा जवळजवळ कळतच नाही, म्हणून आकाश कोरे पांढरे आणि रक्त काळे. पण याच पद्धतीची दुसरी बाजू टीकाकार विसरतात. काच मोठी असे आणि तिच्यावरून कागदी प्रत काचेच्याच आकाराची निघे, मध्ये वाढवणे किंवा कमी करणे नाही. त्यामुळे तपशील विलक्षण बारीक राहिला. दगडाची भेग, कुंपणाची मोडलेली फळी, पट्ट्यावरचे बक्कल, यांतले काहीही टिपायचे छायाचित्रकाराच्या मनात नव्हते. ते काचेने आपणहून ठेवून घेतले.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमला झालेल्या एका दिवसाच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० लोक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मॅथ्यू ब्रॅडी यांच्या वॉशिंग्टनच्या चित्रशाळेचे व्यवस्थापक, मूळचे स्कॉटलंडचे अलेक्झांडर गार्डनर, जेम्स गिब्सन याला घेऊन दोन दिवसांत तिथे पोचले. त्यांच्या काचांवरचे मृत बहुतेक बंडखोर दक्षिणेचे आहेत. यामागे काही डाव नाही. रणांगण उत्तरेच्या हाती राहिले आणि उत्तरेच्या सैनिकांनी आधी आपली माणसे पुरली. कोणते देह उघड्यावर राहिले यावरूनच मैदान कोणाकडे होते ते वाचता येते. ऑक्टोबरात ही चित्रे न्यूयॉर्कमधल्या ब्रॅडींच्या दालनात मांडली गेली आणि घरी बसलेल्या लोकांनी मेलेल्या सैनिकांचे चेहरे पहिल्यांदा पाहिले. वर्तमानपत्रांना छायाचित्र छापण्याचे तंत्र अजून सापडले नव्हते. ‘हार्पर्स वीकली’सारखी साप्ताहिके त्यावरून लाकडी ठसे कोरून छापत, आणि कोरणाऱ्याचा हात हवे ते घाली, नको ते गाळी. खऱ्या प्रती लोकांच्या हाती जात त्या दालनातून, छोट्या कार्डांवरून आणि दोन भिंगांतून पाहायच्या जोडचित्रांतून.

छापता न येणाऱ्या चित्रालाही साक्षीचे वजन होते, हे एमॉस ह्युमिस्टन यांच्या बाबतीत दिसते. १८६३च्या जुलैत गेटिसबर्गला हा न्यूयॉर्कच्या पलटणीतला सार्जंट मरून पडलेला सापडला. ओळखीची कसलीही खूण नव्हती, होते ते हातातले तीन मुलांचे काचेवरचे छायाचित्र. फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्राने ऑक्टोबरात त्या चित्राचे नुसते वर्णन छापले: मुले किती, कशी बसली आहेत, कपडे कसे आहेत. ते वर्णन दुसऱ्या पत्रांतून फिरत पोर्टव्हिल गावी त्यांच्या पत्नीपर्यंत गेले. मग चित्राची प्रत आली आणि आपण विधवा झालो आहोत हे तिला कळले. अनोळखी देहाला नाव मिळाले ते काचेवर उमटलेल्या तीन चेहऱ्यांमुळे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. गेटिसबर्गच्या ‘डेव्हिल्स डेन’ या खडकाळ जागी, दगडी आडोशाला पडलेल्या तरुण बंडखोर नेमबाजाचे चित्र गार्डनर यांनी १८६६च्या आपल्या दोन खंडांच्या चित्रसंग्रहात घातले. सोबत हकीकत लिहिली, की नोव्हेंबरात आपण परत गेलो तेव्हा सांगाडा आणि गंजलेली बंदूक तशीच होती. १९६१ साली अभ्यासक फ्रेडरिक रे यांच्या लक्षात आले की हाच देह उतारावरच्या दुसऱ्या जागीही दिसतो. पुढे इतिहासकार विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५च्या पुस्तकात सिद्ध केले की तो उचलून आडोशाला आणून ठेवला होता, आणि शेजारी टेकवलेली बंदूक लांब पल्ल्याच्या नेमबाजाची नव्हती. त्याच संग्रहातली दुसरी दोन चित्रे याहून बोलकी आहेत. मृतांचा एकच गट दोन विरुद्ध बाजूंनी टिपलेला आहे, आणि एकीकडची ओळ त्यांना बंडखोर म्हणते तर दुसरीकडची संघराज्याचे, म्हणजे उत्तरेचे, सैनिक.

हा अपराध लहान नव्हे. मृत माणसाचा देह चित्रासाठी हलवणे, त्याच्या नावावर गोष्ट रचणे, त्याची बाजू बदलणे हा त्या माणसावर अन्याय आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही. पण तो पकडला गेला कशाने? गार्डनर यांनी कबुली दिली नव्हती. फ्रासानिटो जुन्या प्रती घेऊन शेते, टेकड्या आणि खडक यांतून फिरले. दगड शतकात हलत नाहीत, त्यांच्या भेगा काचेवर उमटल्या होत्या, आणि त्यावरून कॅमेरा कुठे उभा होता ते ठरवता आले. एका काचेत तर देहाखाली घोंगडी दिसते, बहुधा तो वाहून नेलेली. म्हणजे ओळ खोटी ठरली ती काच खरी असल्यामुळे. एखाद्या अधिकाऱ्याच्या आठवणींत देह असा हलवला गेला असता तर आपल्याला आज काय कळले असते?

निवडीचा आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत रसायने पुरेशी पोचत नव्हती, म्हणून बहुतेक काचा उत्तरेच्या आहेत. ज्यांच्या गुलामगिरीवरून हे युद्ध पेटले, ते काळे लोक चित्रांत असतात ते बहुधा कडेला, नोकर किंवा मजूर म्हणून. हे खरे आहे, आणि संख्येने ही उणीव भरून निघत नाही. तरीही काचेने कधी कधी मालकाची मर्यादा ओलांडली. १८६३ साली बॅटन रूजला पळून आलेल्या एका गुलामाची चाबकाने सोललेली पाठ कार्डावर छापून घरोघर गेली. गुलामगिरी दयाळू आहे या दाव्याला त्या व्रणांपुढे उत्तर नव्हते. १८६५च्या एप्रिलमध्ये जॉन रीकी याने कोल्ड हार्बरला काळे मजूर सैनिकांची हाडे गोळा करताना टिपले. लढाईला जवळपास वर्ष झाले होते. मृतांना मूठमाती देण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले, हे त्या एका चित्रातून जेवढे कळते तेवढे विजयी भाषणांतून कळत नाही. निवडीचा हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. फेलिस बिआतो याने १८५८ साली लखनौच्या सिकंदर बागेचे चित्र काढले, १८५७च्या उठावातल्या तिथल्या लढाईनंतर काही महिन्यांनी, अंगणात विखुरलेल्या हाडांसह. ती हाडे चित्रासाठी मांडली असावीत असे अभ्यासक म्हणतात. तिथे मृतांच्या बाजूने काच धरणारा कोणी नव्हता. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ पासून होती, भाऊ दाजी तिचे सभासद होते, पण १८५७ची आपल्याला दिसणारी प्रसिद्ध चित्रे जिंकणाऱ्यांच्या नजरेतूनच आली.

रणांगणाच्या चित्रांइतकी प्रसिद्धी न मिळालेल्या काचा इतिहासाला जास्त उपयोगी पडल्या. अँड्र्यू रसेल याने लष्करी रेल्वेसाठी पूल आणि रूळ टिपले, आणि १८६३च्या मे महिन्यात फ्रेडरिक्सबर्गच्या दगडी भिंतीमागे पडलेले सैनिक लढाईपाठोपाठ टिपले. वॉशिंग्टनच्या हेअरवुड रुग्णालयात डॉ. रीड बाँटेकू यांनी जखमींची छायाचित्रे काढली: गोळी कुठून शिरली, हाड कुठे तुटले, शस्त्रक्रियेनंतर काय उरले. ती सैन्याच्या वैद्यकीय इतिहासाला आणि सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या दाव्यांना आधार झाली. इथे चित्राखालच्या ओळीत गोष्ट नाही, नाव, पलटण आणि जखम आहे.

मॅथ्यू ब्रॅडी या कामात कर्जबाजारी झाले. शांतता आल्यावर ही चित्रे कोणाला पाहायची नव्हती. १८७५ साली अमेरिकी काँग्रेसने त्यांच्या संग्रहासाठी २५,००० डॉलर दिले, तेही देण्यांत गेले, आणि १८९६ साली ते हलाखीत वारले. संग्रहावर त्यांचे नाव असले तरी कितीतरी काचा गार्डनर, टिमथी ओसुलिव्हन, गिब्सन यांच्या हातच्या आहेत. गार्डनर ब्रॅडींपासून वेगळे झाले आणि त्यांनी आपल्या संग्रहात प्रत्येक चित्रकाराचे नाव छापले, हे श्रेय त्यांना द्यायला हवे. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या काचांच्या मोठ्या प्रतिमा कोणालाही फुकट पाहता येतात. हलवलेल्या देहाची सगळी तपासणीही तिथेच वाचकांपुढे मांडलेली आहे, गार्डनर यांची मूळ ओळ न खोडता.