मोटर फिरत नाही? कंट्रोलर बदलण्याआधी हे चार टप्पे तपासा



अंधेरी एमआयडीसीत किंवा मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात तुमचं एकच मिक्सिंग मशीन आहे असं धरा. उद्या माल द्यायचाय आणि मोटर फिरत नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, "कंट्रोलर गेला!" मग लोहार चाळ नाहीतर लॅमिंग्टन रोड गाठायचा, पैसे मोजायचे, आणि नवा कंट्रोलर बसवूनही मोटर ढिम्म!

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कंट्रोलर मोटर स्वतः ओढत नाही, तो फक्त हुकूम सोडतो. २ एचपीची थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर घेते, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. आतल्या छोट्या रिलेला हे झेपत नाही. म्हणून रिले कॉन्टॅक्टरला उचलते आणि कॉन्टॅक्टर मोटरला सप्लाय देतो. हुकूम कुठे अडकला, एवढंच शोधायचंय. चालू पॅनलमधलं मोजमाप मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

१. आउटपुटचा दिवा लागतोय का?
नसेल लागत, तर आधी मोटरच्या मागे लागू नका. इमर्जन्सी स्टॉप दाबलेला आहे का, लेव्हल किंवा दरवाज्याचा स्विच उघडा आहे का, मोड मॅन्युअलवर आहे का, ते बघा.

२. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर व्होल्टेज येतंय का?
ए१ आणि ए२ वर मोजा. कॉइलवर लिहिलेलं व्होल्टेज मिळायला हवं, बहुधा २३० किंवा २४. दिवा लागलाय पण व्होल्टेज नाही? मग रिलेचा कॉन्टॅक्ट जळालाय, फ्यूज उडालाय, वायर सैल आहे किंवा ओव्हरलोड ट्रिप झालाय. दिवा लागला म्हणजे हुकूम सुटला, पोहोचला असं नाही! आणि ओव्हरलोड नुसता रिसेट करत बसू नका, तो का पडला ते शोधा.

३. तिन्ही फेज पुढे जातायत का?
व्होल्टेज आहे पण कॉन्टॅक्टर उचलत नाही, तर कॉइल गेली. उचलतोय, तर आउटगोइंगला तिन्ही फेज मोजा. एक फेज गेली की मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल.

४. मोटर मोकळी आहे का?
मेन बंद करून शाफ्ट हाताने फिरवा. जाम असेल तर बेअरिंग किंवा गिअरबॉक्स बघा. मोकळी असेल तर वाइंडिंग मेगरने तपासून घ्या.

व्हीएफडी असेल तर आधी त्याचा फॉल्ट कोड वाचा. मग स्पीडचा सिग्नल मोजा. ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये ४ म्हणजे साधारणपणे शून्य वेग. रन कमांड असूनही मोटर थांबलेली असू शकते! आणि मेगर लावण्याआधी मोटरच्या वायरी ड्राइव्हपासून सोडवा, नाहीतर ड्राइव्ह जाईल. सप्लाय बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून मगच हात घाला.

आजच एक वही करा. मशीन नीट चालत असताना कॉइलचं व्होल्टेज आणि तिन्ही फेजचे अँपिअर लिहून ठेवा. एक कॉन्टॅक्टर, एक रिले आणि चार फ्यूज गाळ्यात असू द्या. "मशीन बंद आहे" म्हणण्यापेक्षा "दिवा लागतोय, कॉइलवर व्होल्टेज नाही" असं फोनवर सांगितलंत, तर मेकॅनिक योग्य पार्ट घेऊनच येईल. वाचलेला वेळ म्हणजेच वाचलेली ऑर्डर!