ससा हाताळताना: पाठकणा, मागचे पाय आणि आधार

सशाला कान धरून उचलू नये, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. का उचलू नये असे विचारले, की ‘त्याला दुखते’ हे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कान सोडून तुम्ही त्याला अगदी प्रेमाने पुढच्या पायांखाली दोन्ही हात घालून उचलले आणि मागचे धड लोंबकळत राहिले, तरी त्याची कंबर मोडू शकते. ती मोडते सशाच्या स्वतःच्या लाथेने. हे कसे घडते ते समजले की विंचरणे, नखे कापणे या कामांची पद्धत पाठ करावी लागत नाही. म्हणून आधी रचना पाहू.

सशाचा सांगाडा त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो. मांजराचा १२ ते १३ टक्के. म्हणजे हाडे हलकी. पण मागच्या पायांचे आणि पाठीचे स्नायू मात्र भरदार, कारण कोल्ह्यापासून वाचायचे तर पहिल्याच उडीत वेग हवा. जमिनीवर असताना या लाथेचा जोर जमीन घेते आणि ससा पुढे फेकला जातो. हवेत पायांखाली काहीच नसते. छातीपाशी तुम्ही त्याला घट्ट धरलेले, मागचा भाग मोकळा: एका टोकाला जखडलेल्या तुळईसारखी ही स्थिती आहे. घाबरून त्याने जोरात झटका दिला की सगळा ताण कंबरेत उतरतो. सशाला कंबरेचे ७ मणके असतात आणि मोड बहुधा शेवटच्या मणक्याच्या आसपास होते. मज्जारज्जू तिथे दुखावला तर मागचे पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो.

तेव्हा उचलण्याचा नियम एकच: मागच्या भागाला कायम आधार. एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच त्याला आपल्या छातीशी टेकवा. पायांना टेकायला काहीतरी मिळाले की तो शांत होतो. फार करकचूनही आवळू नका, श्वासाला जागा हवी. खाली ठेवताना अधिक जपा, कारण जमीन दिसली की ससा हातातून उडी घेतो. स्वतः गुडघ्यांवर बसा आणि चारही पाय टेकेपर्यंत हात काढू नका. पिंजऱ्यात ठेवताना त्याचे तोंड तुमच्याकडे असू द्या, म्हणजे आत झेप घेण्याचा मोह होत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे उचलणेच टाळणे. पडतानाची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते. उभ्याने धरलेला ससा १.२ मीटरवरून पडेल, मांडी घालून बसलेल्याच्या मांडीवरून फार तर २० सेंमीवरून. म्हणजे आघाताची ऊर्जा एक षष्ठांश. सगळी निगा जमिनीवर बसूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र आपल्याकडच्या गुळगुळीत फरश्या सशाला सोसत नाहीत. त्याच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. पाय घसरला की तो बिथरतो. खाली सतरंजी किंवा गोणपाट अंथरा.

आता विंचरणे. ससा दिवसभर स्वतःला चाटतो आणि गळलेले केस गिळतो. त्याला उलटी करता येत नाही. वाळलेले गवत भरपूर खाणाऱ्या सशाच्या पोटातून हे केस पुढे सरकतात. गवत कमी आणि दाणे, बिस्किटे जास्त असतील तर आतडी मंदावतात आणि केस साचतात. म्हणून ब्रश हा गवताला पर्याय नाही, जोड आहे. एरवी आठवड्यातून एकदा पुरे. केस झडण्याच्या काळात रोज, पण पाच-दहा मिनिटेच. अंगोरासारख्या लांब केसांच्या सशाला मात्र जवळजवळ रोजच विंचरावे लागते. कातडी कागदासारखी पातळ असते. गुंता झाला तर त्याचे मूळ बोटांत धरून हळूहळू सोडवा. कात्री लावू नका. केसांबरोबर कातडीची घडी पात्यात येते.

आंघोळ घालू नका. दाट केस लवकर वाळत नाहीत, अंग गार पडते आणि भेदरलेला ससा पाण्यात झटके देतो. पुन्हा तोच कंबरेचा धोका. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून कोरडा करा. पावसाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या फार लवकर पडतात, म्हणून रोज नजर टाका. कुत्र्यामांजरांसाठीचे गोचिडांचे औषध सशावर मारू नका. त्यातले फिप्रोनिल सशाला विषारी ठरते.

नखे एकूण १८: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. सगळी एका बैठकीत कापायची सक्ती कोणी केलेली नाही. सशाला टॉवेलात गुंडाळून एकाने धरावे, दुसऱ्याने एकेक पंजा बाहेर काढावा. नखातली गुलाबी शीर सोडून फक्त टोक कापा. काळ्या नखात शीर दिसत नाही. मागून मोबाइलचा टॉर्च धरा. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

काही व्हिडिओंत सशाला उताणे करून ‘झोपवतात’ आणि नखे कापतात. तो झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला प्राणी थिजतो, तसा तो थिजलेला असतो, आणि भानावर येताना जोरात उसळतो.

हाताळणीनंतर त्याचे खाणे आणि लेंड्या बघा. बारा तास काही खाल्ले नसेल तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या. मागचे पाय ओढत चालत असेल तर त्याला चालवून पाहू नका, पाठही चोळू नका. पुठ्ठ्याच्या किंवा फळीच्या सपाट आधारावर सरकवून घ्या, टॉवेलाने दोन्ही बाजूंनी टेकू द्या आणि तसेच उचलून दवाखान्यात न्या.